बंदुकीचा आवाज आणि आपले मौन



आपल्या धर्मग्रामातील अनेक कुटुंबांची मुले, पुतणे, भाचरे आज अमेरिकेत स्थायिक आहेत. त्यांच्याशी बोलताना तिकडच्या बंदुकांचा विषय हमखास निघतो. त्यातलाच एक वाद असा: सर्वसामान्य नागरिकाला बंदुकीचा सायलेन्सर बाळगू द्यावा का? वरवर पाहता हा आपला प्रश्न नव्हे. तरीही पाचवी आज्ञा मानणाऱ्या आपण सर्वांनी त्यावर थोडा विचार करावा, असे आम्हांला वाटते.

प्रथम हे साधन काय आहे ते पाहू. हायरम पर्सी मॅक्सिम या अमेरिकन संशोधकाला 1909 साली त्याचे पेटंट मिळाले. तत्त्व मोटारसायकलच्या सायलेन्सरचेच आहे. बंदुकीच्या नळीला जोडलेल्या नळकांड्यात कप्पे असतात. त्यांत गरम वायू हळूहळू पसरतात, निवतात आणि धमाका कमी होतो. चित्रपटांत दाखवतात तसा आवाज नाहीसा मात्र होत नाही. बंदुकीचा आवाज साधारण 140 ते 170 डेसिबल असतो. तो 20 ते 35 डेसिबलने उतरतो, इतकेच.

सायलेन्सरच्या बाजूने बोलणाऱ्यांचे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. 140 डेसिबलच्या वरचा एकच धमाका कानाला कायमची इजा करू शकतो. शिकाऱ्याला सोबत्याची हाक ऐकायची असते, म्हणून तो कानांत बोळे घालायचे टाळतो आणि पुढे बहिरा होतो. नेमबाजीच्या मैदानाशेजारी राहणाऱ्यांनाही शांतता हवी असते. नॉर्वेसारख्या देशात शिकारी सायलेन्सर सर्रास वापरतात. गुन्ह्यांत त्याचा वापर फार क्वचित होतो, असे अमेरिकेच्या शस्त्रविषयक केंद्रीय खात्यातील एका वरिष्ठ अधिकाऱ्याने 2017 साली लिहिले होते.

आता दुसरी बाजू. गोळीचा आवाज हा आसपासच्या माणसांना मिळणारा इशारा असतो. 31 मे 2019 रोजी व्हर्जिनिया बीच येथील पालिकेच्या इमारतीत एका कर्मचाऱ्याने 12 जणांचा जीव घेतला. त्याच्या पिस्तुलाला सायलेन्सर होता आणि तो कायदेशीररीत्या विकत घेतलेला होता. सुरुवातीचे आवाज गोळीबाराचे आहेत, हे आतल्या काहींच्या ध्यानातच आले नाही. सायलेन्सर नसता तर किती जण वाचले असते, हे कोणीच छातीठोकपणे सांगू शकणार नाही. पण पळून जाण्यासाठी मिळणारा एक क्षणही मोलाचा असतो.

अमेरिकेतील 42 राज्यांत सायलेन्सर बाळगता येतो. 1934 च्या कायद्याने त्यावर 200 डॉलर कर आणि सरकारी नोंदणी लादली. 2025 साली मंजूर झालेल्या कायद्याने 1 जानेवारी 2026 पासून हा कर शून्यावर आणला; नोंदणीची अट मात्र त्याने काढली नाही. आपल्याकडे 1959 च्या शस्त्र कायद्यात आवाज दाबणाऱ्या या साधनाची गणना बंदुकीतच केलेली आहे.

मग ख्रिस्ती माणसाने काय म्हणावे? स्वतःचा बचाव करणे हे पाप नाही, मात्र बळ गरजेपुरतेच वापरावे, असे संत थॉमस अक्वायनस यांनी शिकवले. कान ही देवाची देणगी आहे. ती जपणेही चांगलेच. परंतु इथे लाभ बंदूकधाऱ्याला मिळतो आणि जोखीम मात्र अनोळखी शेजाऱ्याच्या वाट्याला येते. म्हणून आम्हांला वाटते, ज्याला ही सोय हवी त्याने चौकशी, नोंदणी आणि थोडी वाट पाहणे हे आनंदाने स्वीकारावे. "प्रामाणिक माणसाला हा जाच कशाला?" असे कोणी विचारील. आपल्या धर्मग्रामाचे हिशेब दरवर्षी तपासले जातात, ते खजिनदार अप्रामाणिक आहे म्हणून नव्हे. पैसा सर्वांचा असतो म्हणून. शेजाऱ्याचा जीव तर पैशाहून कितीतरी मोठा.

24 सप्टेंबर 2015 रोजी अमेरिकन काँग्रेससमोर बोलताना पोप फ्रान्सिस यांनी शस्त्रांच्या व्यापारामागे पैसा आहे असे सांगितले आणि त्याबद्दलचे आपले मौन लाजिरवाणे ठरवले. हे शब्द आपल्यालाही लागू पडतात. आपल्या आळीत बंदुका नाहीत. पण रात्री शेजारच्या घरातून मार खाणाऱ्या बाईचा आवाज येतो, तेव्हा आपण खिडकी लावून घेतो. "त्यांच्या घरचा मामला" म्हणून टीव्हीचा आवाज वाढवतो. काइनाने लपवलेले रक्त देवाला ऐकू आले. आपल्याला जिवंत माणसाची हाक ऐकू येऊ नये काय? या आठवड्यात असा आवाज कानी आला तर आपण दार ठोठवावे, निदान फादरांना किंवा आपल्या विभागप्रमुखांना सांगावे.

प्रभू आपणा सर्वांना ऐकणारे कान आणि पुढे होण्याचे धैर्य देवो, ही प्रार्थना.