भरपूर अन्न कशाने मोजावे?

तैत्तिरीय उपनिषद अन्नाला ब्रह्म मानते आणि अन्न भरपूर पिकवणे हे व्रत सांगते. हे ‘भरपूर’ आपण आजवर पोत्यांनीच मोजले. कासू गावच्या खाचरातला भात पोट भरतो, पण त्यातून पोराला पुरेसे जस्त मिळेलच असे नाही. पोट भरूनही शरीर उपाशी राहत असेल, तर ते व्रत अर्धेच पाळले गेले. २०१६ साली प्रसारित झालेल्या ‘डीआरआर धान ४५’ या वाणात पॉलिश केल्यावरही दर किलोला सुमारे २२ मिलिग्रॅम जस्त राहते. नेहमीच्या तांदळात ते बरेच कमी असते.

मग असे सकस वाण पिकवण्याचा हा धर्म एकट्या शेतकऱ्याचाच का? आक्षेप रास्त आहे. व्यापारी मूठभर भात तळहातावर घेऊन ओल पाहतो, दाणा पाहतो. जस्त त्याला दिसत नाही, म्हणून त्याचा भावही नाही. तो भाव शालेय पोषण आहाराने, रेशनने द्यावा. खाणाराही व्रतात भागीदार आहेच. नाचणी, वाल, पालेभाजी पुरेशी आहे, असेही म्हणतात. ती हवीच, पण ज्या ताटात भाताशेजारी फारसे काही नसते, तिथे भातच सकस हवा. कासूसारख्या खारेपाटातल्या गावात मात्र हे वाण खाऱ्या जमिनीत तगते का, हे आधी तिथल्याच एका खाचरात पाहावे लागेल, आणि त्या हंगामाची जोखीम सरकारने उचलावी.