माळवदाचा थर : अनाम वास्तुकर्तृत्व आणि ऋणाचा प्रश्न

एखाद्या निर्मितीला ‘अनाम’ म्हणणे हे निव्वळ वर्णन नसते. तो कर्तृत्वासंबंधीचा एक निर्णय असतो. जात्यावरची ओवी मुद्रित कवितेत उतरते तेव्हा तिच्या लयीचे श्रेय कवीकडे जाते आणि दळणारी स्त्री ‘लोकपरंपरा’ या सामूहिक नावाखाली दिसेनाशी होते. मराठी समीक्षेने हा व्यवहार प्रभाव, प्रेरणा, देशीयता अशा संज्ञांच्या आधारे पुष्कळ तपासला आहे. त्यातील ऋणाचा प्रश्न मात्र तिने बहुधा अर्पणपत्रिकेवर सोपवला. स्थापत्याच्या क्षेत्रात हाच प्रश्न अधिक जड होऊन येतो. कविता कोसळली तर कोणी दगावत नाही.

१९६४ साली बर्नार्ड रुडॉफ्स्की यांनी न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयात ‘स्थापत्यकारांविना स्थापत्य’ हे प्रदर्शन मांडले. पुढच्या दशकांत वस्तीतील पत्र्याची शेड, गॅलरी बंद करून काढलेली खोली, जुन्या गिरणीच्या आवारात थाटलेली दुकाने यांकडे शिक्षित वास्तुकार कुतूहलाने आणि आदराने पाहू लागला. या आदराला सैद्धान्तिक आधार पुरवला तो लेवी-स्ट्रॉस यांनी १९६२ मध्ये मांडलेल्या ‘ब्रिकोलर’ या संकल्पनेने : हाताशी असेल त्यातून काम भागवणारा कारागीर. मराठीत या कृतीसाठी साधा शब्द आहे, डागडुजी. डागडुजीला दोन कारणे असतात. जुने टाकवत नाही, हे एक. आणि नवे परवडत नाही, हे दुसरे. आदराने पाहणारी दृष्टी पहिल्या कारणात शहाणपण शोधते आणि दुसऱ्याकडे पाठ फिरवते. धाराशिव जिल्ह्यात, म्हणजे २०२३ पर्यंतच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, अशी पाठ फिरवणे सोपे नाही.

प्रथम तेर. प्राचीन तगर नगरीच्या या गावी त्रिविक्रमाचे विटांचे मंदिर आहे. त्याचा मागचा भाग अर्धवर्तुळाकार, वरचे छत गजपृष्ठाकार, आणि पुढे उत्तरकाळात जोडलेला सपाट छताचा मंडप. विसाव्या शतकाच्या आरंभी हेन्री कझिन्स यांनी ही मूळची बौद्ध चैत्यवास्तू असून ती पुढे वैष्णव उपासनेकडे आली, असे मत मांडले. असा विधानप्रकार केवळ बौद्धांचाच नव्हता, असा आक्षेप त्यावर घेता येतो, आणि तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. परंतु कझिन्स यांचे मत ग्राह्य धरले तर एक अडचणीचा निष्कर्ष निघतो. वास्तू टिकली ती वापरात राहिली म्हणून, आणि ज्या वापराने ती टिकवली त्यानेच तिचा पहिला अर्थ झाकला. ही हस्तांतराची घटना दान होती, रिकाम्या घरात झालेला प्रवेश होता की बळाने घेतलेला ताबा, हे विटा सांगत नाहीत. पुनर्वापराला आज जे निरपवाद पुण्य चिकटवले जाते, ते तेरच्या त्या मंडपात उभे राहून मान्य करणे कठीण आहे. जुनी भिंत राखणे म्हणजे जुन्या माणसांचा हक्क राखणे नव्हे.

दुसरे उदाहरण माळवदाचे, आणि ते अधिक कठोर आहे. मराठवाड्यातील माळवदी घराच्या भिंती जाड असतात : ओबडधोबड दगड आणि चिखल. आत लाकडी खांब, त्यांवर तुळया, फळ्या आणि सर्वांत वर मातीचा जाड थर. उन्हाळ्यात घर थंड राहते, छतावर धान्य वाळते, रात्री माणसे झोपतात. पावसाळ्यात छत गळू लागले की त्यावर आणखी माती पसरायची, ही रीत. ‘पर्यावरणाशी संवादी वास्तू’ म्हणून हिचा गौरव करावा, असे सगळे काही येथे आहे. प्रत्येक थर हा एका पिढीचा गरजेला दिलेला प्रामाणिक प्रतिसाद. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी झालेल्या भूकंपात किल्लारी परिसरात आणि आजच्या लोहारा तालुक्यातील सास्तूर, होळी, राजेगाव या गावांत हेच थर खाली आले. चिखलात बसवलेले दगड सुटले, भिंती फुटल्या, आणि हजारो माणसे झोपेतच दगड-मातीखाली गाडली गेली. दोषी ठरवावा असा एकही थर नव्हता. कोणीही एकदम अवाजवी ओझे चढवले नव्हते; ओझ्याची बेरीज मात्र कोणीच केली नव्हती.

अनाम कर्तृत्वाच्या गौरवात नेमके हेच निसटते. जे घर अनेकांनी थोडेथोडे बांधले, त्याच्या सौंदर्याचे श्रेय ‘परंपरे’ला देता येते, त्याच्या वजनाचे उत्तरदायित्व कोणाला द्यायचे?

भूकंपानंतर शासनाने जागतिक बँकेच्या साहाय्याने पुनर्वसनाचा जो कार्यक्रम राबवला, त्याने कर्तृत्वाची ही संदिग्धता एका फटक्यात संपवली. घर आता पूर्ण वस्तू झाले. जमीनधारणेनुसार २५०, ४०० किंवा ७५० चौरस फूट, सरळ रस्ते, आखीव भूखंड. भूमिहीनाला सर्वांत लहान घर, मोठ्या जमीनदाराला सर्वांत मोठे : विषमता जणू चौरस फुटांत मोजून पुन्हा बांधली गेली. अशा आखीव घरांना पुढे कुंपणे, न्हाणीघरे, गुरांसाठी पत्र्याची छपरे जोडली जाणे अटळच होते. शासनाने लिहून संपवलेल्या वाक्यापुढे रहिवासी स्वल्पविराम देत राहिले.

वास्तुकाराच्या प्रेरणेचा प्रश्न या पार्श्वभूमीवर तपासला पाहिजे. नव्या मुंबईत चार्ल्स कोरिया यांनी बेलापूरची वसाहत रचली, तेव्हा घरे एकमेकांना न चिकटवता ती वाढू शकतील अशी मुभा ठेवली. बाळकृष्ण दोशी यांनी इंदूरच्या अरण्य वसाहतीत अनेक कुटुंबांना जोते आणि सेवांचा गाभा देऊन उरलेले घर त्यांच्यावर सोपवले. अलेहान्द्रो अराव्हेना यांनी २००४ मध्ये चिलीतील इकिके येथे अर्धे घर बांधून अर्धे रिकामे ठेवले. या तिन्ही ठिकाणी वस्तीच्या घराचे रूप उसने घेतलेले नाही. पत्र्याच्या शेडची नक्कल करून रंगीत दर्शनी भाग सजवणाऱ्या आजच्या उपाहारगृहांपेक्षा हे निराळे आहे. येथे घेतला आहे तो वाढीचा नियम, आणि तो ज्यांच्याकडून घेतला त्यांच्याकडेच परत दिला आहे. तरीही शंका उरते. अर्धे घर हे स्वातंत्र्याचे लक्षण की निधीच्या तुटवड्याला दिलेले शोभिवंत नाव? श्रीमंताला अपूर्ण घर देऊन त्याच्या सर्जनशीलतेचा सन्मान कोणी करत नाही. अराव्हेना यांच्या प्रयोगात संरचना, स्नानगृह, स्वयंपाकघर, म्हणजे चुकल्यास महाग पडणारा भाग, आधी बांधून दिलेला होता, ही बाब म्हणूनच महत्त्वाची ठरते. निर्णयाचा अधिकार सोपवताना भाराचा हिशेब वास्तुकाराने स्वतःकडे ठेवला.

धाराशिव-लातूरमध्येही असा हिशेब मांडला गेला होता, याची चर्चा वास्तुविचारात फारशी होत नाही. जी गावे हलवली नाहीत, तेथील माळवदी घरे बळकट करण्याचे उपाय तज्ज्ञांनी सुचवले : छतावरची माती कमी करणे, भिंतीत आरपार दगड बसवणे, खांब-तुळईच्या सांध्याला तिरके आधार देणे. जुन्या घराविषयी याहून आदराची टीका संभवत नाही. त्याचे व्याकरण मान्य करून त्यातील नेमकी चूक ती दाखवते. प्रत्यक्षात अनेक कुटुंबांनी मिळालेले अनुदान नव्या पक्क्या खोलीसाठी वापरणे पसंत केले. दगडाची भीती बसली होती, आणि ती भीती अडाणीपणाची नव्हती. ज्याने भिंतीखालून माणसे काढली, त्याला आरपार दगडाचे तर्कशास्त्र पटवणे हे सिद्धान्ताचे काम नव्हे. अशी खोली जुन्या घराला टेकून उभी राहिली की तोही एक थरच असतो, आणि पुढची पिढी तिच्यावर आणखी काय चढवील याचा हिशेब तिच्या पायात धरला आहे की नाही, हे बाहेरून दिसत नाही.