काउंटरवरचा सण

सण कुणाचा, या प्रश्नावरून जगात डोकी फुटत असतील. पण बँकेत हा प्रश्न कुणी काढल्याचे मला आठवत नाही. ईद असो, नाताळ असो, महावीर जयंती असो की गुरुनानक जयंती असो, सुट्टी म्हटली की आमच्या शाखेतला प्रत्येक जण त्या दिवसापुरता त्या धर्माचा निष्ठावंत अनुयायी होतो. ईदच्या आदल्या रात्री चंद्र दिसला की नाही, याची चौकशी आमचे हेड कॅशियर रोजे धरणाऱ्यांच्या बरोबरीने करत असतात. आणि एखादा सण रविवारी आला, तर तो कोणत्याही धर्माचा असो, आमच्या सर्वांच्या धार्मिक भावना सारख्याच दुखावतात!

ही सर्वधर्मसमभावाची शिकवण आम्हाला कुणा साधुसंताने दिलेली नाही. ती दिली आहे १८८१ सालच्या एका कायद्याने. सरकारी मराठीत त्याला ‘परक्राम्य संलेख अधिनियम’ म्हणतात. हे नाव एका दमात म्हणणारा कारकून मी अजून पाहिलेला नाही, पण त्यातले कलम २५ मात्र शिपायापासून मॅनेजरपर्यंत सगळ्यांना ठाऊक असते. कारण आमच्या सुट्ट्या त्याच्याखाली जाहीर होतात.

घरी याच कायद्याचे काम कॅलेंडर करते. जयंतराव साळगावकरांनी १९७३ साली ‘कालनिर्णय’ काढले, तेव्हापासून मराठी घराच्या भिंतीवर एकादशी, ईद, पतेती आणि नाताळ एकाच पानावर शेजारी शेजारी नांदत आहेत. चाळीतल्या बिऱ्हाडांनासुद्धा इतकी कमी जागा मिळत नाही. पण एका चौकोनाने दुसऱ्या चौकोनाविरुद्ध तक्रार केल्याचे ऐकिवात नाही. मग गंमत अशी की, हाच सण भिंतीवरून उतरून दुकानाच्या काचेत जाऊन बसला, की लगेच भांडण का सुरू होते?

उदाहरणे ताजी आहेत. ऑक्टोबर २०२० मध्ये, ऐन सणासुदीच्या तोंडावर, ‘तनिष्क’ने ‘एकत्वम’ नावाच्या दागिन्यांची जाहिरात काढली. तीत एका मुसलमान घरातली सासू आपल्या हिंदू सुनेचे डोहाळजेवण करते. डोहाळजेवण म्हणजे कौतुकाचा प्रसंग. पण इथे डोहाळे राहिले बाजूलाच, गदारोळ असा उठला की कंपनीला ती जाहिरात मागे घ्यावी लागली. पुढच्याच वर्षी, २०२१ च्या ऑक्टोबरात, ‘फॅबइंडिया’ने आपल्या नव्या कपड्यांना ‘जश्न-ए-रिवाज’ हे नाव दिले. दिवाळीच्या कपड्यांना उर्दू नाव कशाला, असा आक्षेप निघाला. कंपनी म्हणाली, हे कपडे दिवाळीचे नव्हेतच, दिवाळीचे निराळे यायचे आहेत. पण ती जाहिरातही गेली.

मी कॉमर्सचा पदवीधर, भाषेतले मला फारसे कळत नाही. पण ‘रिवाज’ शब्दाला घराबाहेर काढायचे ठरले, तर त्याच्यामागून अरबी-फारसीची सगळी भावकी निघेल, हे ध्यानात घ्यावे. ‘दुकान’ निघेल, ‘बाजार’ निघेल. आमच्या बँकेतून ‘रक्कम’, ‘जमा’, ‘वसुली’, ‘हप्ता’ आणि ‘तारीख’ हे सगळे उठून जातील. एकवेळ ‘वसुली’ गेली तर कर्जदार पेढे वाटतील. पण ‘जमा’ गेल्यावर काय करायचे?

हे आपल्याकडेच चालते असे समजून मान खाली घालायचे कारण नाही. या बाबतीत अमेरिकाही मागासलेली आहे. तिकडे ‘वॉलमार्ट’ नावाच्या अवाढव्य दुकानाने नाताळात ‘मेरी ख्रिसमस’ऐवजी ‘हॅपी हॉलिडेज’ म्हणायला सुरुवात केली, तर २००५ साली भाविक ग्राहकांत केवढा असंतोष पसरला; २००६ साली दुकान पुन्हा ‘मेरी ख्रिसमस’वर आले. २०१५ साली ‘स्टारबक्स’ या कॉफीवाल्याने नाताळच्या कागदी पेल्यावरची नक्षी काढून तो नुसता लाल ठेवला, तर पेल्यातून धर्म काढला म्हणून काही जण रागावले. आपल्याकडे चहाच्या पेल्यातले वादळ म्हणतात, ते तिकडे कॉफीच्या पेल्यात झाले, इतकेच! आणि मौज ही की, त्याच अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या कडव्या ख्रिस्ती मंडळींनी १६५९ साली नाताळ साजरा करायलाच बंदी घातली होती. करील त्याला ५ शिलिंग दंड. ती बंदी १६८१ पर्यंत टिकली. म्हणजे एका काळी नाताळ पाळला म्हणून दंड, आणि दुसऱ्या काळी नाताळचे नाव घेतले नाही म्हणून बहिष्कार. दोन्ही वेळा धर्मरक्षणच!

आमच्या नेसरीत हा प्रश्न एका दुकानदार मामांनी केव्हाच सोडवून टाकला आहे. डिसेंबर उजाडला तरी त्यांच्या दुकानात दिवाळीतली एक कागदी चांदणी लटकत होती. मी सहज विचारले, “मामा, ही दिवाळीची की नाताळची?”

“सायेब, खपंल त्या सणाची,” मामा म्हणाले. “दिवाळीत खपली तर दिवाळीची, न्हाई खपली तर नाताळची. आन् तरीबी उरली, तर फुडची दिवाळी हायेच की.”

“आणि कुणी हरकत घेतली तर?”

“हरकत घेणारं गिऱ्हाईक नसतंय, सायेब. गिऱ्हाईक भाव करतंय. भाव न करता जो भांडतोय, त्यो घेणार न्हाई.”

मामांच्या तत्त्वज्ञानाला मी मान देतो, पण ते पुरेसे आहे असे म्हणवत नाही. एक तर दुकानदार चांदणी टांगतो ती काही मानवजातीच्या ऐक्यासाठी नव्हे; सण त्याच्या दृष्टीने मालाला लावलेला चकचकीत कागद असतो. आणि दुसरे म्हणजे, न घेणाऱ्याचेही दुखणे कधी कधी खरे असते. लक्ष्मीतोट्यांचेच बघा. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आपण पुढच्या दाराने लक्ष्मीला पाटावर बसवतो, आणि त्याच लक्ष्मीचे चित्र छापलेले फटाके अंगणात नेऊन वाती लावतो. पाडव्याच्या सकाळी देवीच्या चिंध्या झाडूखाली येतात. आजीच्या पोटात कालवते, तिला वेडगळ कसे म्हणावे? हे चित्र छापू नका, असे कुणी कारखानदाराला सांगितले, तर मी त्याच्या बाजूने सही करीन. व्यापाराला काही मर्यादा हवीच. २०१५ साली सुप्रीम कोर्टाने उदबत्तीसाठी ‘रामायण’ हे नाव एकट्याच्या मालकीचा ट्रेडमार्क म्हणून देता येणार नाही, असा निकाल दिला. मला तो आवडला. रामायण सगळ्यांचे, म्हणून कुणा एकाचे नाही.

पण सगळ्यांचे आहे म्हणून कुणा एका व्यापाऱ्याचे नाही, हे ज्याला पटते, त्याला ते कुणा एका रागावलेल्या गटाचेही नाही, हेही पटायला हवे. पंचाईत तिथे येते. मला एखाद्या दुकानाची पाटी आवडली नाही, तर मी पायरी चढणार नाही, मालकाला खरमरीत पत्र लिहीन, शेजाऱ्याला माझे म्हणणे ऐकवीन. खिसा माझा आहे, तोंडही माझे आहे. पण शेजाऱ्याने त्या दुकानात जाऊ नये म्हणून मी दारात काठी घेऊन उभा राहिलो, तर माझी हरकत तिथेच संपली. आता मी बिनपगारी फौजदार झालो.

आणि ही काठी उगारली जाते कुणावर? जाहिरात काढणारे साहेब मुंबई-दिल्लीत वातानुकूलित खोलीत असतात. ‘तनिष्क’च्या वेळी गुजरातेत गांधीधामच्या दुकानाच्या दारावर माफीनामा लावण्याची पाळी आली. कंपनीने जाहिरात मागे घेताना आपल्या कर्मचाऱ्यांच्या आणि दुकानांतल्या लोकांच्या काळजीचा उल्लेख केला होता. वाद संस्कृतीचा, पण धास्ती घ्यायची कुणी, तर बांगडीचे माप काढणाऱ्या पोराने! मी काउंटरमागचा माणूस असल्याने मला हे फार लवकर कळते. व्याजाचा दर वरिष्ठ पातळीवर उतरतो, आणि त्याचा जाब मला विचारला जातो. जणू मीच सकाळी दात घासताना तो अर्ध्या टक्क्याने कमी केला. पण मला निदान ओरडा खावा लागतो, दगड नाही.

आमच्या गावाला शौर्य शिकवायला नको. २४ फेब्रुवारी १६७४ रोजी इथल्या खिंडीत प्रतापराव गुजर बहलोलखानाच्या फौजेवर तुटून पडले. बरोबर सहा जण होते, असे परंपरा सांगते. त्यांचे स्मारक आमच्या गावात आहे. त्या लढाईबद्दल कुणी काहीही म्हणो, समोर फौज होती, एवढे नक्की. हल्लीच्या शूरांचा हिशोब उलटा असतो. इकडे फौज असते, आणि समोर महिन्याच्या पगारावर राबणारा, हातात कापडाचा तागा धरलेला एकटा सेल्समन. यात धर्म कोणता राहिला, हे मला कुणीतरी समजावून द्यावे.

माझे म्हणणे एवढेच की, सणाचे पावित्र्य दुकानाच्या पाटीवर ठेवायला दिलेलेच नसते. आपण तिथून पणत्या आणतो, तेल आणतो, रवा-साखर आणतो. दिवाळी त्याची घरी होते. पाटीवर ‘जश्न’ लिहिले म्हणून करंजी बिघडल्याचे उदाहरण नाही, आणि ‘शुभ दीपावली’ लिहिले म्हणून भेसळीचे तेल शुद्ध झाल्याचेही नाही. भांडायचेच असेल तर त्या तेलावरून भांडावे. पण त्यासाठी कुणी मोर्चा काढत नाही.

एवढ्यावरही ज्यांना एखाद्या धर्माच्या सुट्टीबद्दल आक्षेप असेल, त्यांनी आमच्या बँकेत जरूर यावे. मात्र सुट्टीच्या दिवशी येऊ नये. दुसऱ्या दिवशी दहानंतर यावे, आणि काउंटरवरच्या माणसावर ओरडू नये. सुट्टी त्याने ठरवलेली नाही. त्याने ती फक्त मनोभावे पाळलेली आहे.