अभय आणि अनुसरण

दैवी संपत्तीची लक्षणे सांगताना भगवान श्रीकृष्णांनी गीतेच्या सोळाव्या अध्यायात 'अभय' हा गुण सर्वांच्या आरंभी ठेवला आहे. दान, दम, यज्ञ, स्वाध्याय, तप हे त्यानंतर येतात. हा क्रम सहेतुक मानला पाहिजे. ज्याच्या चित्तात भय नांदते, त्याचे दान हिशेबी होते, स्वाध्याय भांबावलेला होतो आणि तप लोकलज्जेपुरते उरते. म्हणून साधकाने, त्याचप्रमाणे संसारी वासनिकानेही, प्रथम आपल्या भयाची ओळख करून घ्यावी.

हे भय सर्वांत अधिक जागे होते ते चालत आलेला जीवनक्रम बदलण्याच्या वेळी. पंचवीस वर्षे एका पेढीवर हिशेब लिहिणाऱ्या गृहस्थाला स्वतःचा उद्योग मांडावासा वाटतो. शेतकऱ्याचा मुलगा गाव सोडून शहराकडे निघतो. एखाद्या मुमुक्षूच्या मनात अनुसरणाचा विचार दृढ होतो. तिघांचे मार्ग भिन्न आहेत, तथापि रात्री झोप उडविणारा प्रश्न एकच असतो : हे सुटले तर आपले काय होईल?

या प्रश्नाचे उत्तर सूत्रपाठाच्या आचारप्रकरणात शोधता येते. तेथे त्यागाचा क्रम सांगताना स्वदेश, स्वग्राम आणि सरतेशेवटी आप्तसंबंधी, असा दुरून जवळ येणारा पंथ सर्वज्ञांनी दाखविला आहे, आणि आप्तांविषयी विशेष सावध केले आहे. तिन्ही ठिकाणी त्याज्य म्हटला आहे तो 'संबंध'. गाव आपल्या जागी राहते, नदी वाहत राहते, माणसे आपापली कामे करीत राहतात; सुटायची असते ती त्यांच्याशी जडलेली 'माझे'पणाची गाठ. भयाचे मूळही याच गाठीत आहे. पेढीची खुर्ची जाईल, याचे दुःख खुर्चीला नसते. त्या खुर्चीवर बसणारा म्हणून जो मान मिळतो, तोच आपण आहोत अशी जिवाची समजूत झालेली असते, आणि ती समजूत हादरू लागली की भय उत्पन्न होते. गाठ जितकी जवळची, तितके भय अधिक. त्यागाच्या क्रमात आप्तसंबंध अंती का येतो, हे यावरून उमगते.

परंतु येथे एक शंका संभवते. भय मोडून जो जो बदल करावा तो तो वैराग्यच म्हणावा काय? गीतेचा आरंभच या शंकेचे निरसन करतो. कुरुक्षेत्रावर अर्जुनाची गात्रे गळाली, तोंड कोरडे पडले, गांडीव हातातून निसटू लागले. आणि त्याच अवस्थेत तो म्हणाला की, यापेक्षा भिक्षा मागून जगणे बरे. बाह्यतः पाहता हा केवढा त्याग! राज्य नको, सुख नको, भिक्षान्न पुरे. तरीही श्रीकृष्णांनी त्याला शाबासकी दिली नाही. ही हृदयाची दुर्बलता आहे, ती टाक आणि ऊठ, असेच बजावले. कारण अर्जुनाला भिक्षेची ओढ नव्हती. समोरचे संकट टळावे, एवढ्यापुरतीच ती भिक्षा त्याला हवी होती. म्हणजे भय माणसाला जसे जागी बांधून ठेवते, तसेच ते त्याला जागेवरून पळवूनही लावते. बांधणारे भय सहज ओळखू येते. पळविणारे भय मात्र पुष्कळदा वैराग्याचा वेष घेऊन येते.

याच्या उलट उदाहरण म्हाइंभटांचे आहे. सराळ्याचे हे पंडित विद्येने मोठे आणि त्या विद्येचा अभिमानही तसाच मोठा. गोदातीरी डोमेग्रामला सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींशी वाद करावा, जय मिळवावा, या हेतूने ते गेले आणि निरुत्तर होऊन परतले. बोध झाला, पण अनुसरण तत्काळ घडले नाही. एका प्रहरात बुद्धी पालटू शकते, परंतु आयुष्यभर जोडलेला मान, घर आणि सवयी पालटण्यास काळ लागतो. या विलंबाबद्दल म्हाइंभटांना कोणी भित्रे म्हणू नये. मधल्या काळात बोध विझला नाही, हीच त्याच्या खरेपणाची खूण होय. डोमेग्रामचा प्रसंग मागे पडला, वादाची धग निवाली, तरीही ओढ उरली.

पुढे जे घडले ते अधिक मननीय आहे. पंडितपण सोडले की विद्या वाया जाणार, असे भय त्या जागी कोणालाही वाटले असते. प्रत्यक्षात इ.स. 1278 च्या सुमारास रिद्धपूरला त्याच म्हाइंभटांनी श्रीनागदेवाचार्यांना व इतर भक्तजनांना विचारून विचारून लीळा मिळविल्या, पारखल्या आणि लीळाचरित्र सिद्ध केले. वादात प्रतिपक्षाला खोदून खोदून विचारणारी बुद्धी तीच होती. जिंकण्याची हाव तेवढी गळून गेली आणि ती बुद्धी सेवेला लागली. मराठी गद्याचा हा आद्य ग्रंथ एका पंडिताने पंडितपणाचा अभिमान सोडल्यामुळे लाभला आहे. जे खरोखर आपले असते ते सोबत येते. गळते ते वरचे कवच.

यावरून निर्णयाची कसोटी हाती येते. बदलाचा विचार करणाऱ्याने स्वतःला विचारावे : आजची अडचण उद्या दूर झाली, वरिष्ठ गोड बोलू लागला, घरातला कलह मिटला, तरीही ही वाट मला हवी आहे काय? उत्तर 'नाही' असेल, तर तो अर्जुनाचा विषाद आहे. त्याने आहे तेथेच उभे राहून प्रथम मोह दूर करावा. उत्तर 'होय' असेल आणि महिनोगणती 'होय'च राहत असेल, तर मागे ओढणाऱ्या भयाला तेवढ्यासाठी मान देऊ नये.

मात्र निर्भय होणे आणि बेफिकीर होणे यांत अंतर आहे. गृहस्थाच्या शिरावर ऋण असते, वृद्ध मातापिता असतात, मुलांचे शिक्षण असते. ही कर्तव्ये आहेत. त्यांना भय समजून झटकून टाकणे हा अधर्म होईल. ऋणाची व्यवस्था लावावी, घरच्यांशी मोकळेपणाने बोलावे, जाणत्यांना विचारावे आणि मग पाऊल उचलावे.

कित्येकदा बदल निवडता येत नाही, तो अंगावर कोसळतो. 18 जानेवारी 1982 रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लक्ष कामगार त्यात होते आणि त्यांपैकी असंख्यांना पुन्हा सांच्यावर उभे राहता आले नाही. अशांना 'धैर्य धरा' एवढेच सांगून भागत नाही. भुकेल्याला अन्न आणि बेकाराला काम मिळवून देणे हा शेजाऱ्याचा धर्म आहे. तरीही आतला प्रश्न उरतोच. गिरणी गेली म्हणून त्या कामगाराचे कष्टाळूपण, त्याचा शब्द, त्याचे नामस्मरण गेले काय? सुटला तो संबंध. जीव आहे तसाच परमेश्वराच्या कृपेला पात्र आहे.

भय एका दिवसात जात नाही. नूतन साधकाला पहिल्या दारी झोळी पसरताना हात कापतो. दहाव्या दारी तो स्थिर होतो. झोळीत काय पडते हे त्याच्या हाती नसते. दारापुढे उभे राहणे एवढेच त्याच्या हाती असते. गृहस्थानेही आपला बदल याच रीतीने आचरावा : आजचे दार आज गाठावे, उद्याच्या दाराची चिंता आज वाहू नये आणि मुखी नाम असावे. असे पाऊल पडू लागले की, गीतेने प्रथम स्थान दिलेला तो गुण हळूहळू अंगी मुरतो आणि पुढच्या गुणांना वाट मोकळी होते.