नोझल तुंबलं, दोष कुणाचा?

फवारणी करताना नोझल तुंबलं तर ते तोंडानं फुंकू नये. ही गोष्ट माहीत नसलेला शेतकरी किंवा मजूर आमच्या भागात शोधून सापडणार नाही. औषधासोबतच्या माहितीपत्रकात ती असते, कृषी खात्याचे लोक सांगतात, दुकानदारही सांगतो. तरी नोझल फुंकलं जातं. माणूस ते फिरवून काढतो, उजेडाकडे धरून भोक बघतो, ओठांना लावतो, जोरात फुंकतो, थुंकतो आणि पुढच्या सरीला लागतो.

माझा प्रश्न साधा आहे. माहीत असूनही एखादा माणूस विषाला तोंड लावतो, तेव्हा दोष कुणाचा?

आमचं गाव कासुर्डी, तालुका दौंड. पुणे-सोलापूर हायवेनं जाणाऱ्यांना ते जुन्या टोलनाक्यामुळे माहीत असतं. मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करतो, पण घर आणि शेती गावाकडेच आहे. या पट्ट्यात ऊस, कांदा, तरकारी. फवारणीला इकडे कुणी फवारणी म्हणत नाही, ‘औषध मारणं’ म्हणतात. किडीसाठी ते विष, पिकासाठी औषध. पंप पाठीवर घेणाऱ्यासाठी ते काय, याला मात्र आपल्याकडे वेगळा शब्द नाही.

आधी नोझल तुंबतं कसं ते बघू, कारण उत्तराचा अर्धा भाग तिथेच आहे.

पाठीवरच्या पंपाच्या नोझलचं भोक साधारण एक मिलिमीटरच्या आसपास असतं. तिथून दाबानं पाणी बाहेर पडलं की त्याचे थेंब होतात. या भोकापर्यंत पोचायच्या आधी पाणी दोन-तीन गाळण्यांतून जायला हवं: टाकीच्या तोंडाची जाळी, दांडीच्या मुठीतली गाळणी आणि नोझलच्या मागची बारीक जाळी. प्रत्येक पुढची जाळी आधीच्यापेक्षा बारीक. पन्नास मेशच्या जाळीचं छिद्र सुमारे ०.३ मिलिमीटर असतं, शंभर मेशचं त्याच्या निम्मं. हिशोब असा की मोठा कचरा वरच अडावा, बारीक त्याच्या खाली, आणि नोझलपर्यंत काही येऊच नये.

प्रत्यक्षात टाकीची जाळी लवकर भरता यावं म्हणून काढून ठेवलेली असते. मुठीतली गाळणी फाटून गेलेली असते. कालव्याच्या पाण्यात शेवाळ आणि गाळ असतो, बोअरच्या पाण्यात क्षार. पाण्यात मिसळायची पावडर आधी बादलीत थोड्या पाण्यात कालवून मग टाकीत ओतायची असते. घाईत ती थेट टाकीत पडते आणि तिच्या गुठळ्या होतात. कालचा पंप न धुता ठेवलेला असतो, उरलेलं औषध आत वाळून त्याची खपली धरलेली असते. हे सगळं खाली येतं आणि सगळ्यात अरुंद जागी अडकतं.

म्हणजे तुंबतं ते शेवटचं भोक, पण कचरा वरून आलेला असतो. आणि त्या भोकाजवळ उभा असतो तो माणूस, ज्यानं बहुतेक वेळा वरचं काहीच ठरवलेलं नसतं. पाणी कुठलं, पंप कुठला, औषध कुठलं, जाळी बदलायची की नाही, हे दुसऱ्यानं ठरवलेलं असतं.

आता त्याच्या जागी उभे राहून बघा. पाठीवर सोळा लिटरची टाकी, पंपाचं वजन धरून वीस किलोच्या वर. ऊन आणि वारा वाढायच्या आत काम उरकायचं, त्यामुळे हातात सकाळचे दोन-तीन तास. बऱ्याच ठिकाणी मजुरी पंपावर मोजली जाते: जितके पंप मारले तितके पैसे. नोझल तुंबलं की घड्याळ चालू आणि कमाई बंद. ब्रश जवळ नाही, दुसरं नोझल नाही, धुवायला चांगलं पाणी बांधाच्या पलीकडे. तोंड मात्र जवळ आहे आणि फुकट आहे.

तोंड टाळायचं तर तार, सेफ्टी पिन किंवा बाभळीचा काटा. त्यानंही भोक मोकळं होतं, पण कडा खरवडतात, पितळी किंवा प्लास्टिकच्या नोझलच्या तर जास्तच. मग धार एकीकडे जाते, थेंब मोठे पडतात. जगभर वापरला जाणारा साधा नियम असा: नोझलमधून मिनिटाला पडणारं पाणी नव्या नोझलपेक्षा दहा टक्क्यांहून जास्त झालं, की ते फेकून द्यायचं. हे मोजायला एक मापाचं भांडं आणि मोबाइलचं घड्याळ पुरतं. योग्य साफसफाई म्हणजे हातमोजे घालून नोझल काढणं, साबणाच्या पाण्यात बुडवणं आणि मऊ दातांच्या ब्रशनं घासणं. जुना टूथब्रश चालतो. या सगळ्याचा खर्च एका चहाच्या पलीकडे फारसा जात नाही. म्हणूनच प्रश्न टोचतो: इतकं स्वस्त असलेलं काम शेवटच्या माणसाच्या तोंडावर का येऊन पडतं?

हा प्रश्न मोठ्या प्रमाणावर कसा दिसतो, ते २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यानं पाहिलं. त्या पावसाळ्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसं गेली, शेकडो दवाखान्यात दाखल झाली. शेतकरी होते, तसे शेतमजूरही होते. ते नोझल फुंकल्यामुळे गेले असं मी म्हणत नाही. विष कातडीतून जातं, श्वासातून जातं, ओल्या कपड्यांतून जातं. मला आठवते ती त्यानंतरची चर्चा. सरकारनं विशेष तपास पथक नेमलं, काही कीटकनाशकांच्या विक्रीवर तात्पुरती बंदी आली. पण त्यासोबत एक वाक्य पुन्हा पुन्हा ऐकू येत राहिलं: त्यांनी मास्क घातला नव्हता, हातमोजे घातले नव्हते, काळजी घेतली नाही.

हे वाक्य खोटं नाही. त्यामुळेच ते धोकादायक आहे. खरं असलेलं अर्धं वाक्य उरलेलं अर्धं झाकून टाकतं.

एखाद्याला दोषी म्हणायला त्याला माहिती असणं पुरत नाही. त्याच्यापुढे दुसरा रस्ताही असावा लागतो, आणि तो चालण्याजोगा असावा लागतो. भर उन्हात दमट पिकात रबरी कपडे घालून वीस किलो पाठीवर घेणं कागदावर शक्य असतं. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेनं १९८५ मध्ये कीटकनाशकांसाठी आचारसंहिता स्वीकारली. तिच्यात ही गोष्ट स्पष्ट मांडली आहे: ज्या औषधासाठी लागणारी संरक्षक साधनं त्रासदायक, महाग किंवा सहज न मिळणारी असतील, ते औषध उष्ण हवामानातल्या छोट्या शेतकऱ्यांच्या आणि मजुरांच्या हाती देणंच टाळावं. म्हणजे प्रश्न ‘त्यानं मास्क का घातला नाही’ इथून सुरू होत नाही. तो ‘ज्याला असा मास्क लागतो ते त्याच्या हातात आलंच कसं’ इथून सुरू होतो. २०२१ मध्ये यवतमाळच्या काही कुटुंबांनी एका बहुराष्ट्रीय कंपनीविरुद्ध थेट स्वित्झर्लंडमधल्या बाझल इथे दावा दाखल केला. कंपनीनं जबाबदारी नाकारली आहे. कायद्याचं उत्तर काय येईल ते येवो. प्रश्न नोझलपासून वर, टाकीच्या तोंडापर्यंत नेण्याचा तो प्रयत्न होता.

माझ्या कामात याची एक ओळखीची रीत आहे. रात्री दोन वाजता सर्व्हर पडला की ड्युटीवर असलेल्या सगळ्यात ज्युनिअर पोराचा फोन वाजतो. त्यानं घाईत चुकीची कमांड दिली, तर दुसऱ्या दिवशीच्या बैठकीत दोन प्रश्न विचारता येतात. ‘तू असं का केलंस?’ किंवा ‘त्या वेळी तुला तेच बरोबर का वाटलं?’ पहिल्या प्रश्नावर माफी मिळते. दुसऱ्यावर कारण मिळतं, आणि पुढच्या वेळी सर्व्हर वाचतो. चांगल्या टीम दुसरा प्रश्न विचारतात.

इथे एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. दोष व्यवस्थेचा म्हटलं की दोष कुणाचाच उरत नाही. कंपनी म्हणते लेबल वाचा, दुकानदार म्हणतो मी फक्त विकलं, मालक म्हणतो मी कुठं फुंकायला सांगितलं, आणि मजूर म्हणतो सगळेच फुंकतात. वर बोट दाखवत राहिलं की प्रत्येकाचे हात कोरडे.

मला वाटतं, चूक वाटणीच्या कल्पनेत आहे. आपण जबाबदारीला जमीन समजतो. चार एकर चौघांत वाटली तर प्रत्येकाला एकेकच येणार, म्हणून दुसऱ्याचा वाटा वाढला की आपला कमी झाला असं वाटतं. जबाबदारी तशी वाटली जात नाही. ती त्या गाळण्यांसारखी असते. वरची जाळी नीट आहे म्हणून खालची काढून टाकता येत नाही, आणि वरची फाटली तर खालचीवर ताण येतो, पण तिचं काम संपत नाही. प्रत्येक जाळीला विचारायचा प्रश्न एकच: हे तुझ्यापाशी, कमीत कमी खर्चात अडवता आलं असतं का?

हा प्रश्न विचारला की तो कंपनीवर थांबत नाही, आमच्या अंगणातही येतो. सोळा लिटरच्या पंपाचा मालक कुणी बडा माणूस नसतो. तुमचे-माझे वडील, काका, भाऊ असतात. कंपनीसमोर ते खालच्या टोकाला असतात, पण मजुराच्या हातात पंप देताना तेच वरचं टोक असतात. आपण फक्त खालच्याच टोकाला आहोत असं मानणं सोयीचं असतं, आणि शेतकरी घरातल्या आम्हा शिकलेल्या पोरांना ते फार आवडतं.

उसातल्या तणनाशकाचं उदाहरण घ्या. रुंद पानांच्या तणासाठी उसात टू-फोर-डी मारतात. उसाला त्याचं फारसं काही होत नाही. पण तोच पंप नीट न धुता शेजाऱ्यानं टोमॅटोवर नेला, तर टाकीत, नळीत, जाळीत राहिलेल्या अंशानंही झाडाची पानं वाकडी होतात, शेंडा पिळवटतो. यात फुंकणारा कुणी नाही, निष्काळजी मजूर नाही. नुकसान होतं ते ज्यानं काहीच केलेलं नाही त्याचं. आपल्याकडे शेजारचा डबा रिकामा परत देत नाहीत, त्यात काहीतरी घालून देतात. पंपाचा शिष्टाचार उलटा: तो पूर्ण रिकामा परत द्यायचा. तीन वेळा स्वच्छ पाण्यानं खळखळून, ते पाणी त्याच रानात मारून, विहिरीपासून आणि कालव्यापासून लांब. तणनाशकाला वेगळाच पंप ठेवला तर सगळ्यात बरं.

म्हणून माझं उत्तर असं आहे. नोझल फुंकणाऱ्याला शहाणपण शिकवायचा अधिकार त्यालाच आहे, ज्यानं फुंकायची वेळ येऊ नये यासाठी आपल्या हातातलं काम आधी केलं आहे. मालकापुरतं ते काम मोजकं आहे: टाकीची जाळी जागेवर, पाणी फडक्यातून गाळलेलं, पावडर आधी कालवलेली. पंपाला दोरीनं बांधलेला एक ब्रश, खिशात एक जादा नोझल, बांधावर हात धुवायला पाणी आणि साबण. आणि मजुरी पंपावर नको, वेळेवर. यातली शेवटची गोष्ट सगळ्यात महाग आहे, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचीही. कारण नोझल साफ करायला लागणाऱ्या पाच मिनिटांचे पैसे मजुराच्या खिशातून जाणार असतील, तर बाकी सगळ्या सूचना त्या माहितीपत्रकावरच्या बारीक अक्षरांसारख्या आहेत. छापलेल्या असतात, आणि छापल्या की छापणाऱ्याचं काम संपतं.