आपलेच तोंड, आपलाच कॅमेरा

आमच्या शेजारचे एक हौशी छायाचित्रकार दर आठवड्याला स्वतःचाच फोटो काढतात. हा अहंकार नव्हे काय, असे आम्हांस प्रथम वाटले. पण आमस्टरडॅमच्या ज्यू वस्तीत राहिलेल्या रेम्ब्रांटने (१६०६–१६६९) स्वतःची सुमारे ४० चित्रे रंगविली, आणि अखेरच्या वर्षीही सुरकुत्या लपविल्या नाहीत. मग आम्हीही तीन आठवडे तसे करून पाहिले. पहिल्या फोटोसाठी केस विंचरले, दुसऱ्यासाठी हसलो. तिसऱ्यात मात्र मुले ज्याला घाबरत, तो डोळे वटारणारा मास्तर दिसला. फोटो फाडावासा वाटला, पण ठेवला. वाचकहो, आवडलेलेच फोटो जपणे हा अहंकार खरा. नावडता फोटोही जपला, तर तो आपल्या आयुष्याचा हिशेब होतो.