फाल्यां येतलो मरे?



गेल्या वर्षी चतुर्थीच्या आधी आपल्या पार्सेच्या सत्संगातली बारा मुलं घेऊन आम्ही एका वृद्धाश्रमात गेलो होतो. आश्रमाचं नाव घेत नाही, कारण चूक त्यांची नव्हती, आपली होती. मुलांनी आरत्या म्हटल्या, आजी-आजोबांच्या हातावर लाडू ठेवले, फोटो निघाले. ते याच ग्रुपवर आले आणि त्याखाली जोडलेल्या हातांची रांग लागली. निघताना एका आजीने आपल्यातल्या साडेचार वर्षांच्या एका मुलाचा हात धरला आणि विचारलं, "फाल्यां येतलो मरे?" तो म्हणाला, "येतलों."

दुसऱ्या दिवशी कुणीही गेलं नाही. मुलगा मात्र सकाळी चप्पल घालून दारात उभा होता, असं त्याच्या आईने नंतर सांगितलं. चार-पाच दिवस विचारत राहिला, मग विसरला. आजी विसरली का, हे विचारायचं धाडस आम्हाला झालं नाही.

लहान मुलं आणि म्हातारी माणसं एकत्र यावीत, यावर सगळेच मान डोलावतात. पण त्या दिवशी कोणी कोणाची सेवा केली? मुलांनी आजींची केली म्हणावं, तर आजी दोन तास श्रोते होऊन बसल्या होत्या. खरं सांगायचं तर सेवा आमच्या समाधानाची झाली.

आता आपल्या घरांकडे बघूया. ५ जानेवारी २०२३ ला मोपाचा विमानतळ सुरू झाला. तुयेची औद्योगिक वसाहत जवळ आहे, मोरजी-मांद्रे-हरमलला हॉटेलं आहेत. कर्ती माणसं पाळीप्रमाणे बाहेर पडतात आणि घरात उरतात सत्तरीचे आणि चार वर्षांचे. २०११ च्या जनगणनेत साठीपुढच्या माणसांचं प्रमाण गोव्यात ११.२ टक्के होतं. केरळनंतर देशात आपलाच नंबर. मुलांसाठी १९७५ पासून अंगणवाडीची योजना आहे. त्या योजनेत आजोबांचं काम एवढंच, की नातवाला दारापर्यंत सोडायचं आणि वेळ झाली की आणायला जायचं.

आपल्या सत्संगातल्या एक काकी दोन वर्षं पारायणाला आल्या नाहीत. विचारलं की म्हणायच्या, "माका येवंक जमना, नातू आसा." एकदा त्यांनीच आम्हाला विचारलं, "मी मोहात अडकलेय का हो?" मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायात म्हटलंय, की गृहस्थाला अंगावर सुरकुत्या, डोक्यावर पिकले केस आणि मुलाचं मूल दिसलं की त्याने वनाकडे निघावं. आपल्याकडे उलट झालंय. मुलाचं मूल दिसलं की म्हातारं माणूस घराला बांधलं जातं. यावर आपल्यात दोन मतं पडली. काहीजण म्हणाले, नातवंड सांभाळणं हीच साधना. काहीजण म्हणाले, हा प्रपंचच, यातून सुटायला हवं. आम्ही काकींशी पुन्हा बोललो तेव्हा वेगळंच कळलं. नातू त्यांना जड नव्हता. त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. सुनेलाही बोल लावता येणार नाही, तिची पहिली पाळी सकाळी सहाला सुरू होते. पण न विचारता लादलेल्या कामाला 'भाग्य लागतं हो' म्हणायची आपली सवय बरी नव्हे. आणि दुसऱ्या टोकाला ते घर, जिथे आजोबांना "तुम्ही बसा, काही करू नका" म्हणून प्रेमाने खुर्चीत बसवून ठेवतात! ते जास्त वाईट, असं आमचं मत.

जगात हे नीट केलेली ठिकाणं आहेत. टोकियोच्या कोतोएन संस्थेत वृद्धनिवास आणि बालवाडी एकत्र चालतात. अमेरिकेत सिएटलच्या प्रॉव्हिडन्स माउंट सेंट व्हिन्सेंट या वृद्धनिवासात १९९१ पासून पाळणाघर आहे. मुलं आठवड्याचे पाच दिवस तिथेच असतात, पाहुणी म्हणून येत नाहीत. तिथली एक गोष्ट आम्हाला फार आवडली. आजी-आजोबा आणि मुलं एकत्र बसून बेघर लोकांसाठी सँडविच भरतात. दोघांनी मिळून तिसऱ्यासाठी काही करायचं. मग कोण कुणाला सांभाळतंय, हा प्रश्नच मागे पडतो.

इतकं लांबही जायला नको. ठाणे जिल्ह्यात मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावी शिक्षक योगेंद्र बांगर यांनी ८ मार्च २०१६ रोजी आजीबाईंची शाळा सुरू केली. साठी ओलांडलेल्या आज्या गुलाबी लुगडं नेसून, पाटी घेऊन शाळेत जातात आणि घरी नातवंडं त्यांचा अभ्यास घेतात. नातीपुढे पाटी धरून अक्षर चुकलं का, असं विचारणारी आजी! तिथे नातीचीही काहीतरी किंमत आहे, ती नुसती गोड दिसण्यासाठी नाही.

यंदा आपण थोडं शहाणपण केलं. चतुर्थीच्या माटोळीसाठी एका घराच्या सोप्यावर तीन वडीलधारे आणि पाच मुलं बसली. कांगलां कुठली, कवंडळ कुठलं, सुपारीची शिपटी कशी बांधायची, हे मुलांना ठाऊक नव्हतं आणि आम्हा मधल्या पिढीलाही फारसं नव्हतं. एका आजोबांना आजारपणानंतर माणसांची नावं आठवत नाहीत. फळांची सगळी आठवली. त्यांचे हात कापतात, म्हणून गाठ मुलांनी मारली. तीन गाठी सुटल्या, एक कवंडळ खाली पडून फुटलं, आजोबा ओरडले, एक मुलगी रडली. फोटो काढायचं कुणाला सुचलं नाही.

अडचणी आहेतच. पावसाळ्यात मुलांचा खोकला वृद्धांना बाधतो, त्या दिवशी मूल घरी ठेवायचं. पाय अधू असलेल्यांच्या आसपास धावपळ नको, म्हणून दोन मोठी माणसं कायम हजर हवीत. एका आजीने स्पष्ट सांगितलं, "मला हा गोंगाट सोसत नाही." त्यांना कुणी समजवायला जाऊ नये.

एका साधकभगिनीने विचारलं, मुलांना लळा लागला आणि उद्या ते म्हातारं माणूस गेलं तर? तर मुलाला सांगावं लागेल. "गावाला गेले" म्हटलं, तर ते पुन्हा चप्पल घालून दारात उभं राहील. काहींना हे कठोर वाटतं, चर्चा ग्रुपवर चालू द्या.

दर गुरुवारी सकाळी नऊ ते अकरा त्याच सोप्यावर बसायचं, मग सगळ्यांनी मिळून पेज घ्यायची. वाती वळणं, भाजी निवडणं, माळा ओवणं. काकींना विचारलं. "दोन गुरुवार येईन, दोन गुरुवार पारायणाला जाईन," म्हणाल्या. नाव देण्याआधी घरच्या वडीलधाऱ्यांना विचारा, आणि दर आठवड्याला जमणार असेल तरच द्या. नुसते हात जोडू नका.

गेल्या आठवड्यात त्या वृद्धाश्रमात फोन केला. आजी आहेत. तो मुलगा आता साडेपाच वर्षांचा आहे. या रविवारी त्याला घेऊन जायचा विचार आहे, पण गाडी पक्की होईपर्यंत त्याला काही सांगायचं नाही, असं त्याच्या आईशी ठरलंय.